कानावरची खाच

आमच्या बेटांवर मेंढीच्या कानाला खाच असते.
डाव्या कानाचा शेंडा छाटलेला, उजव्याला मागून दोन तिरके काप:
ती माझ्या मामाची.
धुक्यात कळप मिसळतात. ऑक्टोबरात माणसं त्यांना
डोंगरावरून हाकत दगडी कोंडवाड्यात आणतात
आणि बोटांनी कान चाचपतात:
ही तुमची, ही आमची, आणि ही गं?

मीही तेच करते, तोर्शहाव्नमध्ये, हातमोजे घालून.

सोमवारी क्लाक्सविकहून सात काड्या आल्या.
कापसाच्या टोकाला परमा.
नळीवर नाव नाही, नुसता आकडा,
पण पन्नास हजारांच्या देशात
आकड्याला नाक-डोळे फुटायला कितीसा वेळ लागतो?
४१७ माझ्या भाचीला गणित शिकवतो.
३९८नं मागच्या हिवाळ्यात माझी गाडी बर्फातून ढकलली होती.

जंतूला लाज नाही, म्हणून तो खोटं बोलत नाही.
चार अक्षरं, बावीस लाखांची ओळ.
अंगातून अंगात जाताना
थकलेल्या नकलनविसासारखं एखादं अक्षर चुकतो,
आम्ही त्या चुका मोजतो.
पाच नळ्यांत मिळून तीन चुका.
म्हणजे सख्खे. एकाच उन्हाळ्यातले.
माणसं कदाचित एकमेकांना ओळखतही नसतील,
न ठरवता सोयरी झालेली,
माझ्या पडद्यावर मांडीला मांडी लावून बसलेली.

नर्स बार्बा फोन लावते. आणखी कुणी होतं का?
ट्रॉलरवरचा हॉग्नी: कानांवर हात.
गणिताचा मास्तर: कानांवर हात.
खरं आहे, खाच झाकायला
हात दुसरीकडे कुठे ठेवणार!

गावानं तपास आधीच संपवला होता.
गावाला यंत्र लागत नाही.
मार्युन धक्क्यावरच्या खाणावळीत सूप वाढते,
नवरा नाही, हसते मोठ्यानं. झालं.
तिच्या गाडीच्या दारावर कुणी खिळ्यानं एक शब्द ओढला.
त्यातही एक अक्षर चुकलं होतं.

मार्युनची नळी सहावी.
परमा तिलाही आहे, पण दुसऱ्या घराण्याचा,
पाचांपासून हजारभर अक्षरं लांब.
गाव चुकलं.
आणि हे मला सांगता येत नाही, मी कागदावर सही केली आहे.
सांगितलं तरी म्हणतील: म्हणजे होताच ना?

(सातव्या नळीत काही उगवलं नाही.)

मोठे डॉक्टर खुर्ची ओढून बसले. "पाचांत पहिला कोण?"
मी झाड दाखवलं.
कोण कुणाजवळ होतं ते फांदी सांगते,
कोण कुणाकडे गेलं ते नाही.
खाच वाचता येते, कुंपण कुणी ओलांडलं ते वाचता येत नाही.
"मग उपयोग काय?"

उपयोग हा, की दोन पानांच्या मधे जागा रिकामी आहे.
तिथे कुणीतरी असावं, ज्याला अजून जळजळही नाही,
जो आत्ता दाढी करत असेल, किंवा केस विंचरत असेल.
उपयोग हा, की पेनिसिलिनला न जुमानणारं हे बेणं
एका सुईला अजून ऐकतं. अजून.

ऑक्टोबर. ओली लोकर, वारा. मामानं हाक मारली, गेले.
मार्युन शेजारी, गुडघ्यांत मेंढी दाबून,
पलीकडे हॉग्नीची बायको,
तिघींचे कान थंडीनं लाल.
मार्युननं मेंढीचा कान उलटला, अंगठा फिरवला.
"हिला खाचच नाही."
कुणाची, कुणाची, सुरू झालं.
हॉग्नीची बायको काही बोलली नाही.
तिनं थर्मासचं झाकण कॉफीनं भरून पुढे केलं,
स्वतः एक घोट घेतल्यावर.
मार्युनला दोन्ही हात सोडावे लागले.
मेंढी पळाली.